बोस्टनचे टोरी मतदार नक्की कशावर चिडले? एका आश्वासनाची चौदा वर्षं

आधी एकाच मतदारसंघाचे आकडे बघा. बोस्टन अँड स्केगनेस, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लिंकनशायरमध्ये. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला, म्हणजे टोरींना, तिथे २०१५ ला ४३.८ टक्के मतं, २०१७ ला ६३.६ टक्के, २०१९ ला ७६.७ टक्के आणि २०२४ ला ३३.४ टक्के. चारही वेळा उमेदवार तोच, मॅट वॉरमन. २०१९ ला हा माणूस २५,६२१ मतांनी जिंकला होता आणि पाच वर्षांनी रिफॉर्म यूके या इमिग्रेशनविरोधी उजव्या पक्षाच्या रिचर्ड टाइसकडून २,०१० मतांनी पडला. मधल्या काळात मतदारसंघाची हद्द किंचित बदलली हे खरं, पण शंभरातल्या चाळीसेक मतांचा फरक हद्दीमुळे पडत नसतो.

आता लगेच कोणी म्हणेल की पंतप्रधान लिझ ट्रसचं बाजार हादरवणारं बजेट, तिच्याआधीचा पंतप्रधान बोरिस जॉन्सनच्या लॉकडाऊनमधल्या पार्ट्या, महागाई, २०१० पासूनच्या टोरी सत्तेची चौदा वर्षांची अँटी इन्कम्बन्सी, हे सगळं विसरलात का. नाही विसरलो. दक्षिण इंग्लंडमधल्या सुखवस्तू टोरी सीट्स लिबरल डेमोक्रॅट्सकडे गेल्या त्याला हीच कारणं जास्त लागू पडतात. पण बोस्टनसारख्या ठिकाणी मतं गेली ती उजवीकडे गेली, आणि तिथल्या लोकांच्या तोंडी एकच विषय, इमिग्रेशन. म्हणून ही केस घेतली.

गाव तसं छोटं. शहर आणि आजूबाजूची खेडी धरून सत्तर हजाराच्या आसपास वस्ती. जमीन म्हणजे दलदल सुकवून काढलेली काळीभोर माती, त्यात कोबी, फ्लॉवर, बटाटा. देशातल्या सुपरमार्केटमध्ये जाणाऱ्या भाजीचा मोठा हिस्सा या पट्ट्यातून जातो. ही भाजी हाताने काढायची असते, मग पॅकहाऊसमध्ये धुवून पिशव्यांत भरायची असते, आणि हे काम थंडीपावसात, पहाटे, कमी पैशात. (गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बोस्टनला नाव मिळालं ते याच गावावरून, १६३० च्या सुमारास धर्माच्या भांडणाला कंटाळून इथलेच लोक बोटीत बसून तिकडे गेले होते.)

२००४ ला पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया वगैरे देश युरोपियन युनियनमध्ये आले. तेव्हा सरकार लेबर पक्षाच्या टोनी ब्लेअरचं. बाकी बहुतेक देशांनी या नव्या लोकांना काही वर्षं कामाची परवानगी रोखून धरली, ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनी पहिल्या दिवसापासून दार उघडं ठेवलं. सरकारने करून घेतलेल्या अभ्यासाचा अंदाज होता वर्षाला फार तर १३ हजार लोक येतील. आले त्याच्या कित्येक पट. २०११ च्या जनगणनेपर्यंत बोस्टनमध्ये दर दहा माणसांत एक जण या नव्या युरोपियन देशांत जन्मलेला होता. दहा वर्षांपूर्वी हा आकडा जवळपास शून्य होता हे लक्षात घ्या. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला यात काय एवढं असं वाटेल, पण ज्या गावात पिढ्यानपिढ्या तेच तेच चेहरे आहेत तिथे एका दशकात एवढा बदल म्हणजे भाड्याचे रेट, शाळेतले वर्ग, डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळ्यावर परिणाम दिसतो, आणि कौन्सिलला पैसे मात्र जुन्या लोकसंख्येच्या हिशोबाने मिळत राहतात.

म्हणजे सुरुवात लेबरने केली. टोरींना आयता मुद्दा मिळाला.

जानेवारी २०१० मध्ये टोरींचा तेव्हाचा नेता (आणि त्याच वर्षी पंतप्रधान झालेला) डेव्हिड कॅमेरॉन टीव्हीवर बोलून गेला की नेट मायग्रेशन आम्ही लाखांवरून हजारांत आणू, म्हणजे वर्षाला एक लाखाच्या आत. मग ते जाहीरनाम्यात आलं. तेव्हा आकडा अडीच लाखाच्या आसपास होता. नेट मायग्रेशन म्हणजे वर्षभरात राहायला आलेले वजा सोडून गेलेले. आता या आकड्यात युरोपियन युनियनचे लोक होते, ज्यांना सरकार कायद्याने अडवूच शकत नव्हतं. त्यात परदेशी जाणारे ब्रिटिश होते, ते किती जातील हेही सरकारच्या हातात नाही. म्हणजे वजाबाकीतल्या दोन मोठ्या रकमांवर ताबा नसताना उत्तराची गॅरंटी दिली. माझ्या मते पुढच्या सगळ्या रागाचं बी इथे पडलं. ज्याने कोणी हा आकडा सुचवला त्याने इलेक्शन जिंकायला मदत केली असेल, पण पक्षाच्या गळ्यात घंटा बांधली, कारण दर तीन महिन्यांनी सांख्यिकी ऑफिसचा आकडा जाहीर व्हायचा आणि दर तीन महिन्यांनी पेपरात हेडलाइन, पुन्हा नापास.

गृहमंत्री होत्या थेरेसा मे. बाईंनी जे हातात होतं ते पिळलं. एप्रिल २०१२ मध्ये पोस्ट स्टडी वर्क व्हिसा बंद केला, म्हणजे मास्टर्स झाल्यावर दोन वर्षं थांबून नोकरी शोधायची सोय गेली, आणि आपल्याकडच्या पोरांनी ब्रिटनकडे पाठ फिरवून कॅनडा-ऑस्ट्रेलिया धरलं, भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या काही वर्षांत निम्म्यावर आली. परदेशी नवरा-बायकोला आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंड कमाई पाहिजे असा नियम केला. २०१३ ला लंडनमध्ये 'बेकायदा असाल तर घरी जा' अशा पाट्या लावलेल्या व्हॅन फिरवल्या. आणि ज्या 'होस्टाइल एन्व्हायरन्मेंट' धोरणाचा (बेकायदा राहणाऱ्यांना जगणंच अवघड करून टाकायचं) त्या उघड उल्लेख करायच्या त्यात सापडले कोण, तर पन्नास-साठच्या दशकात कॅरिबियनमधून कायदेशीर आलेले म्हातारे लोक, ज्यांच्याकडे जुने कागद नव्हते. विंडरश प्रकरण ते. २०१८ ला त्यात अँबर रड यांना गृहमंत्रिपद सोडावं लागलं.

एवढं सगळं करून २०१५ चं नेट मायग्रेशन निघालं ३ लाख ३३ हजार, आणि हा आकडा जाहीर झाला मे २०१६ च्या शेवटी, ब्रेक्झिट रेफरेंडमला महिनाही राहिला नव्हता तेव्हा. कॅमेरॉनचं नशीब बघा.

तोपर्यंत बोस्टनने एकदा इशारा देऊन झाला होता. २०१५ ला नायजेल फराजच्या यूकेआयपीला (युरोपियन युनियन सोडा म्हणणारा पक्ष, फराजचा पुढचा पक्ष म्हणजे रिफॉर्म) इथे ३३.८ टक्के मतं पडली होती, टोरी जेमतेम ४,३०० च्या फरकाने वाचले होते. देशभरात यूकेआयपीला १२.६ टक्के मतं आणि सीट फक्त एक, त्यांची ती पद्धतच तशी. पण टोरी नेतृत्वाला मेसेज पोचला होता, रेफरेंडमचं आश्वासन त्याच भीतीपोटी दिलेलं.

२३ जून २०१६ ला बोस्टनमध्ये ७५.६ टक्के लोकांनी युरोप सोडायचं मत दिलं. देशात सगळ्यात जास्त.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. ब्रेक्झिटवाल्यांनी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं ऐकवलं होतं. बोस्टनच्या शेतावर 'टेक बॅक कंट्रोल' म्हणजे माणसं कमी येतील असा अर्थ घेतला गेला, आणि तो अर्थ चुकीचा आहे असं कोणी सांगायला गेलं नाही. त्याच वेळी टोरी मंत्री प्रीती पटेल दक्षिण आशियाई हॉटेलवाल्यांना सांगत होत्या की युरोपमधून येणारे कमी झाले तर तुम्हाला करी बनवणारे आचारी भारत-बांगलादेशातून आणणं सोपं होईल, करी हाऊसेस वाचवा अशी मोहीमच होती. कंट्रोल या शब्दाखाली दोन्ही बसत होतं. कंट्रोल हातात आल्यावर तो कुठल्या दिशेने फिरवायचा हे मत देणाऱ्याने विचारलं नाही आणि मागणाऱ्याने सांगितलं नाही.

२०१७ ला यूकेआयपीचा तेव्हाचा नेता पॉल नटॉल स्वतः बोस्टनमध्ये उभा राहिला आणि त्याला ७.७ टक्के मतं पडली. लोक टोरींकडे परत आले होते, आता ब्रेक्झिट हेच करणार म्हणून. २०१९ ला फराजने टोरींच्या ताब्यातल्या सीट्सवर उमेदवारच दिले नाहीत, त्यामुळे ७६.७ टक्क्यांत त्याचाही वाटा आहे. पण तरी. चारातले तीन मतदार एका पक्षामागे, एवढा विश्वास त्या गावाने आधी कोणावर टाकला होता मला तरी आठवत नाही.

बोरिस जॉन्सनच्या जाहीरनाम्यात लाखाचा आकडा काढून टाकलेला होता, हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं नाही. त्याऐवजी ऑस्ट्रेलियासारखी पॉइंट्स सिस्टिम आणू आणि एकूण संख्या खाली येईल असं लिहिलं होतं. ३६५ सीट्स आल्या, ८० चं बहुमत.

आणि मग जे झालं ते खरं प्रकरण.

जानेवारी २०२१ पासून युरोपची मोकळी ये-जा संपली. आता पहिल्यांदाच सगळा नळ लंडनच्या हातात होता, युरोपियन युनियन नाही, युनियनचं कोर्ट नाही, आघाडीतला पार्टनर नाही. आणि सरकारने काय केलं, तर नोकरीच्या व्हिसासाठी पगाराची अट ३०,००० पौंडांवरून २५,६०० वर आणली, डिग्री लेव्हलच्या कामाची अट काढून बारावी लेव्हलच्या कामांनाही व्हिसा खुला केला, वर्षाला २०,७०० जणांची मर्यादा होती ती उडवली, आधी इथल्या माणसासाठी जाहिरात द्या मग बाहेरचा आणा हा नियम काढला, आणि जुलै २०२१ पासून ग्रॅज्युएट रूट या नावाने तोच दोन वर्षांचा व्हिसा परत आणला जो मे बाईंनी बंद केला होता. या सगळ्यावर गृहमंत्री म्हणून सही कोणाची, तर प्रीती पटेल यांची. ज्यांची इमेज पक्षात सगळ्यात कडक अशी.

प्रत्येक बदलाला कारण होतं आणि सुटं सुटं बघितलं तर पटण्यासारखंही होतं. युनिव्हर्सिट्यांची स्थानिक विद्यार्थ्यांची फी तेव्हा ९,२५० पौंडांवर गोठलेली, त्यांचा तोटा परदेशी पोरांच्या दुप्पट-तिप्पट फीमधून भरून निघतो. हॉस्पिटलांत नर्सेस नाहीत. ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्या हिशोबात कमावत्या वयाची माणसं आली की टॅक्स वाढतो आणि पुढच्या पाच वर्षांच्या अंदाजात तूट कमी दिसते, म्हणजे टॅक्स कमी करायला जागा मिळते, जे टोरींना नेहमीच हवं असतं. शेतकऱ्यांना मजूर पाहिजेत. म्हणजे प्रत्येक खात्याचा मंत्री 'संख्या कमी करा, पण माझ्या खात्यातली नको' असं म्हणत होता आणि अशी सगळ्यांची सूट मंजूर होत गेली. बेरीज कोणी केलीच नाही.

बोस्टनमध्येच बघा. पोलंड-लिथुआनियाची माणसं कमी झाली तर भाजी काढणार कोण, म्हणून सीझनल वर्कर व्हिसा आला. २०१९ ला ट्रायल म्हणून २,५०० जणांसाठी, २०२३ पर्यंत ४५ हजार. आता मजूर किर्गिझस्तान, ताजिकिस्तानहून येऊ लागले, सहा महिने काम करून परत. ज्याने युरोपियन मजूर कमी व्हावेत म्हणून मत दिलं त्याच्या शेजारच्या शेतावर दुसऱ्या खंडातला माणूस उभा, आणि त्याच्या स्वतःच्या पगारात काडीचा फरक नाही.

सगळ्यात जास्त भडका उडाला तो केअर व्हिसाचा, म्हणून त्यावर जरा थांबतो.

ब्रिटनमध्ये म्हाताऱ्या माणसांची घरी किंवा केअर होममध्ये सेवा करणाऱ्यांना पगार कमी, जवळपास किमान वेतनाच्या लेव्हलला. बराच पैसा स्थानिक कौन्सिल देते, आणि कौन्सिलांचं बजेट टोरींनीच २०१० पासून कापत आणलेलं. कोविडनंतर लोकांनी ही कामं सोडून सुपरमार्केटमध्ये आणि वेअरहाऊसमध्ये नोकऱ्या धरल्या. २०२१-२२ मध्ये दीड लाखाहून जास्त जागा रिकाम्या होत्या. दोन रस्ते होते. पगार वाढवा, म्हणजे टॅक्स किंवा कौन्सिल टॅक्स वाढवा. नाहीतर बाहेरून माणसं आणा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने दुसरा रस्ता घेतला, केअर वर्करला व्हिसा यादीत घातलं, पगाराची अट फक्त २०,४८० पौंड, आणि बायकामुलं बरोबर आणायची मुभा. सुरुवातीला म्हणे तात्पुरती सोय.

सप्टेंबर २०२३ ला संपलेल्या वर्षात सुमारे १ लाख केअर वर्कर आले आणि त्यांच्याबरोबर १ लाख २० हजार कुटुंबीय. हे आकडे सरकारनेच संसदेत सांगितले. बाहेरून माणसं आणायचं लायसन देण्याची पद्धत अशी ढिसाळ की अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमच्या नावावर २७५ स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट दिली गेली होती, हे सरकारच्याच इमिग्रेशन इन्स्पेक्टरच्या रिपोर्टमध्ये आहे. मधल्या मध्ये एजंटांनी हात धुऊन घेतले. भारतातून, झिम्बाब्वेतून, नायजेरियातून लोक दहा-पंधरा लाख रुपये भरून गेले आणि तिथे पोचल्यावर कळलं की काम आठवड्याला दहा तासांचं किंवा नाहीच. पुढे ४७० हून जास्त केअर कंपन्यांची लायसन्स रद्द झाली आणि तिथली माणसं लोंबकळत राहिली. यात फसले ते दोन्ही बाजूंनी फसले. तिकडचा मतदार म्हणतो आम्हाला न विचारता आणलं, इकडचा माणूस म्हणतो मला खोटं सांगून नेलं.

आणि इथे त्या मतदाराबद्दलही एक कडू बोलायला पाहिजे. ज्या आजोबांना गर्दी कमी पाहिजे होती त्यांनाच कौन्सिल टॅक्स वाढायला नको होता, आणि बायकोला अंघोळ घालायला सकाळी आठला कोणीतरी यायला पण पाहिजे होतं. यात त्यांची लबाडी नव्हती. हिशोब त्यांच्यापुढे कोणी मांडलाच नाही. चौदा वर्षांत एकाही टोरी नेत्याने उभं राहून असं म्हटलं नाही की माणसं कमी पाहिजेत तर अमुक इतके पैसे जास्त पडतील, बोला तयार आहात का. कदाचित लोक हो म्हणाले असते. विचारलं असतं तर कळलं असतं.

आकडे आता वरच जात होते. २०२२ चं नेट मायग्रेशन मे २०२३ मध्ये ६ लाख ६ हजार सांगितलं, नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून ७ लाख ४५ हजार. जून २०२३ पर्यंतच्या वर्षाचा आकडा नंतर निघाला ९ लाख ६ हजार. कॅमेरॉनच्या आश्वासनाच्या नऊ पट! यात युक्रेन आणि हाँगकाँगचे लोक होते, त्यावर टोरी मतदारांनी फारशी कुरबुर केली नाही. पण मोठा भाग शिक्षण, नोकरी आणि कुटुंबीयांचा होता. उजव्या गोटात याला नाव पडलं 'बोरिसवेव्ह'.

या काळात सरकार बोलत कशाबद्दल होतं, तर बोटींबद्दल. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी जानेवारी २०२३ मध्ये पाच वचनं दिली, त्यात 'स्टॉप द बोट्स' होतं, कायदेशीर इमिग्रेशनचा उल्लेखही नव्हता. फ्रान्सहून रबरी बोटीतून येणारे २०२२ मध्ये पंचेचाळीस हजारांच्या वर गेले हे खरं, २०१८ ला ते जेमतेम तीनशे होते, म्हणजे वाढ भयंकरच. पण त्याच वर्षी देशात आलेल्यांची एकूण संख्या बारा लाखांच्या आसपास होती. शंभरात चारांबद्दल रोज भाषण आणि उरलेल्या शहाण्णवांतल्या बहुतेकांना सरकारनेच छापून दिलेले व्हिसा. लोकांना हे कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा राग दुप्पट झाला, कारण बोटवाल्यांच्या बाबतीत निदान 'आमचा नाइलाज आहे' म्हणता येत होतं.

बोटींचंही काही धड झालं नाही. बोटीतून येणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायची योजना एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झाली, जूनमधलं पहिलं विमान युरोपियन मानवाधिकार कोर्टाच्या आदेशामुळे उडालं नाही, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्याच सुप्रीम कोर्टाने योजना बेकायदा ठरवली, मग रवांडा सुरक्षित आहे असा कायदाच पास केला (कोर्ट म्हणतं सुरक्षित नाही, संसद म्हणते आहे, वा!). शेवटी गेले चार जण, तेही पैसे घेऊन स्वखुशीने. नंतरच्या लेबर सरकारने सांगितलेला खर्च ७० कोटी पौंड.

लिंकनशायरला याची झळ घरात लागली. स्केगनेसच्या समुद्रकाठची हॉटेलं सरकारने आश्रय मागणाऱ्यांसाठी घेतली, आणि ते गाव जगतं सुट्टीला येणाऱ्यांवर. मग २०२३ मध्ये स्कॅम्प्टनचा जुना हवाई तळ, जिथून दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची धरणं फोडायला विमानं उडाली होती, तिथे दोन हजार जणांची छावणी करायचं ठरवलं. विरोधात कोण उभं राहिलं, तर टोरींचेच ज्येष्ठ खासदार एडवर्ड ली आणि स्थानिक कौन्सिल. सहा कोटी पौंडांच्या आसपास घालवून तिथे एकही माणूस राहायला आला नाही आणि २०२४ मध्ये योजना गुंडाळली. तुम्ही तिथले टोरी मतदार आहात असं धरा आणि सांगा, यातली कुठली गोष्ट तुम्ही शेजाऱ्यासमोर डिफेंड कराल?

शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये पक्षाला जाग आली. गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी पगाराची अट एकदम ३८,७०० केली, केअर वर्करना कुटुंब आणायला मार्च २०२४ पासून बंदी, जोडीदारासाठी कमाईची अट २९,००० वर. बहुतेक विद्यार्थ्यांची कुटुंब आणायची मुभा त्याआधीच काढायचं ठरलं होतं, जानेवारी २०२४ पासून ते लागू झालं. त्याच आठवड्यात इमिग्रेशन मंत्री रॉबर्ट जेनरिक राजीनामा देऊन बाहेर, रवांडाचा कायदा पुरेसा कडक नाही म्हणून. क्लेव्हर्लींच्या आधीच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांना आदल्या महिन्यातच काढलेलं होतं. म्हणजे नियम कडक होत होते आणि कडक नियम मागणारे सरकारमधून बाहेर पडत होते, बघणाऱ्याला यातून एकच समजणार.

आपल्या लोकांचा संबंध इथे सरळ आहे. २०२३ मध्ये ब्रिटनला गेलेल्यांत सगळ्यात जास्त भारतीय होते, अडीच लाखाच्या आसपास. पुणे-नाशिक-नागपुरात ज्यांनी घर गहाण ठेवून वर्षभराच्या मास्टर्ससाठी कर्ज काढलं, त्यांचा हिशोब 'नंतर दोन वर्षं नोकरी, मग स्पॉन्सरशिप' असा होता. पोरगं कोर्सला बसलेलं असताना पगाराची अट बारा हजारांहून जास्त पौंडांनी वर गेली. सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचा हेल्थ सरचार्ज वर्षाला ६२४ चा १,०३५ पौंड झाला. दार सताड उघडणारा आणि आपटणारा पक्ष एकच, मध्ये तीन वर्षं पण नाहीत. त्या पोरांवर राग काढणारा बोस्टनचा माणूस आणि ती पोरं, दोघांनाही ज्याने गुंडाळलं तो वेगळाच होता असं मला वाटतं, आणि तो सूट घालून वेस्टमिन्स्टरमध्ये बसला होता.

२२ मे २०२४ ला सुनक यांनी भर पावसात भिजत निवडणूक जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी सांख्यिकी ऑफिसचा आकडा आला, २०२३ चं नेट मायग्रेशन ६ लाख ८५ हजार. प्रचारात ते सांगत राहिले की नवे नियम लागू झालेत, व्हिसा अर्ज उतरतायत. आणि ते खरं होतं! पण कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. जूनच्या सुरुवातीला फराज स्वतः मैदानात उतरला. ४ जुलैला टोरींना २३.७ टक्के मतं, १२१ सीट्स, पक्षाच्या इतिहासातला सगळ्यात वाईट निकाल. रिफॉर्मला १४.३ टक्के आणि पाच सीट्स, त्यातली एक बोस्टन. २०१९ ला टोरींना मत देणाऱ्यांपैकी साधारण एक चतुर्थांश लोक रिफॉर्मकडे गेले असं मतदानानंतरचे सर्व्हे सांगतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या नेत्या केमी बेडनॉक यांनी इमिग्रेशनवर पक्ष चुकला हे उघडपणे मान्य केलं. काही आठवड्यांनी प्रीती पटेल एका मुलाखतीत आपल्या कारकिर्दीचं समर्थन करून बसल्या आणि बेडनॉक यांना पुन्हा सारवासारव करावी लागली. एका बाजूला माफी, दुसऱ्या बाजूला पटेल, म्हणजे विरोधी बाकांवरच्या शॅडो परराष्ट्रमंत्री, म्हणतायत आम्ही बरोबरच होतो. पक्षात अजून दोन गट आहेत. एक म्हणतो व्यापार आणि वाढीसाठी माणसं लागतात, आपण ते नीट समजावलं नाही. दुसरा म्हणतो समजावण्याचा प्रश्नच नाही, आपण सरळ उलटं केलं. माझं मत दुसऱ्या गटाकडे झुकतं, पण त्या गटातले बरेच जण तेव्हा मंत्रिमंडळात बसून सह्या करत होते हेही बघावं लागतं. ब्रेव्हरमन गृहमंत्री होत्या आणि जेनरिक इमिग्रेशन मंत्री, ते ९ लाखांचं वर्ष बरंचसं त्यांच्याच काळातलं.

मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकीत लिंकनशायर काउंटी कौन्सिल रिफॉर्मने घेतली, महापौर झाल्या अँड्रिया जेंकिन्स, आधीच्या टोरी मंत्री. सप्टेंबरमध्ये टोरी खासदार डॅनी क्रुगर रिफॉर्ममध्ये गेले, जानेवारी २०२६ मध्ये जेनरिक आणि मागोमाग ब्रेव्हरमनही तिकडेच.

आकडे मात्र धाडकन खाली आलेत. २०२४ चं नेट मायग्रेशन आधी ४ लाख ३१ हजार सांगितलं, नंतर दुरुस्त करून ३ लाख ४५ हजार, आणि जून २०२५ पर्यंतच्या वर्षाचं २ लाखांच्या जरा वर. यात क्लेव्हर्लींच्या शेवटच्या क्षणीच्या नियमांचा वाटा मोठा आहे, लेबरने त्यावर आणखी आवळलं, केअर वर्करची बाहेरून भरती जुलै २०२५ पासून बंदच केली. म्हणजे टोरींनी मागे वळून केलेलं काम चाललं. श्रेय घेतंय लेबर, मतं जातायत रिफॉर्मकडे. आणि २०२१-२२ मध्ये आलेल्यांची पाच वर्षं आता भरत आलीत, त्यांना कायम राहायचा हक्क पाच वर्षांनी द्यायचा की दहा, यावर पुढचं भांडण सुरू झालंय, त्यात आपले नर्स, आयटीवाले आणि केअर वर्कर हजारोंनी अडकलेत. बोस्टनमध्ये टोरींचा पुढचा उमेदवार या प्रश्नाला काय उत्तर देणार, आणि दिलं तरी त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार, हे पक्षाच्या ऑफिसात कोणाला माहीत असेल असं वाटत नाही.